किफ्लाची कात आणि सेलिमिरचं पितळी नाक

मित्रांनो, मी एक जुना आर्द्रतामापक आहे. नाव मोठं आहे, काम सोपं. हवेत ओल किती आहे, ते मी सांगतो. बशीएवढी पितळी तबकडी, तिच्यावर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे, एक काळा काटा आणि पाठीमागे ताणून बांधलेले केस. खरे, माणसाचे. हवा दमट झाली की ते लांबतात, कोरडी झाली की आखडतात, आणि त्यांच्या ओढीने काटा सरकतो.

ते केस कुणाचे, मला माहीत नाही. ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे सोनेरी वेण्या खोक्यांतून यायच्या. कारागीर त्या धुऊन, विंचरून एकेक केस निवडायचे. त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण धुक्यात नदीकाठी चालताना तिचे केस भुरभुरले असतील आणि तिने ते हाताने चापून बसवले असतील, असं मला नेहमी वाटतं. तेव्हाही ते केस हेच काम करत होते. फक्त वाचायला आकडा नव्हता.

माणसं आयुष्य वर्षांनी मोजतात. मला वर्षं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून माझी गोष्ट आकड्यांत.

पंचाहत्तर

हा माझा सुखाचा आकडा.

फ्रुश्का गोरा डोंगराच्या पायथ्याशी सेलिमिरचं घर होतं आणि घराच्या माळ्यावर कुलेन वाळत असे. डुकराच्या मांसात लाल मिरची कुटून घालायची, आतड्यात ठासून भरायचं, धुरी द्यायची आणि महिनोन्‌महिने टांगून ठेवायचं. हवा फार ओली झाली तर बुरशी. फार कोरडी झाली तर त्याहून वाईट. काटा पंचाहत्तरच्या आसपास हवा. सेलिमिरने मला माळ्याच्या मधल्या खांबावर टांगलं होतं. तो शिडी चढून आला की आधी टोपी काढायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग झरोका बोटभर उघडायचा किंवा लावायचा.

"हे माझं नाक आहे," तो आल्यागेल्याला सांगायचा. "चेहऱ्यावरचं आहे ते नुसतं शिंकायला."

शेजारची रुझित्सा तेव्हा नवी नवरी होती. ती त्याच्याकडे काम शिकायला यायची. हिवाळ्यात कोशावा नावाचा कोरडा वारा दिवसच्या दिवस वाहतो. एकदा तो सुटलेला असताना तिने झरोका उघडा ठेवला. संध्याकाळी सेलिमिरने एका कुलेनवर टिचकी मारली. टणक आवाज आला.

"ऐकलंस? बाहेरून कवच धरलं. आतली ओल आता आतच कोंडणार. दिसतं झक्कास, पण आत सडेल."

मग दोघांनी मिळून माळ्यावर ओली गोणपाटं टांगली. माझा काटा हळूहळू वर आला आणि दोघंही जेवायला खाली गेली. मी इतका महत्त्वाचा पुन्हा कधी झालो नाही, असं मला पुढे फार दिवस वाटत राहिलं.

चाळीस

सेलिमिर गेला. त्याचा मुलगा दोब्रिवोये पोस्टमन. त्याने माळा बंद केला आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

ड्रॉवर लाकडी होता.

सोबत सुतळी होती. एक चमचा होता. मेणबत्त्या होत्या.

हवा कशीही असो, माझा काटा चाळीसवर. केस वाळून ताठर झाले होते. कुणी विचारतच नव्हतं, त्यामुळे मी चुकीचं सांगतोय हेही कुणाला कळलं नाही.

ड्रॉवर नीट लागत नसे, एवढंच नशीब. बोटभर फटीतून मला ऐकू यायचं आणि थोडं दिसायचं. पुढचं सगळं त्या फटीतून.

साठ

हा आकडा माझा नाही. तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि खोटा आहे. पण गोष्ट त्याच्यावाचून पुढे जात नाही.

दोब्रिवोयेची मुलगी नेवेना नर्स. तिला ऑस्ट्रियात एका वर्षाची नोकरी लागली, तेव्हा ती आपला साप बापाकडे ठेवून गेली. लहान जातीची अजगरीण, तपकिरी, अंगावर पिवळट नक्षी. वेटोळं करून बसली की किफ्ला नावाच्या वळलेल्या पावासारखी दिसायची, म्हणून नाव किफ्ला.

"पंधरा दिवसांतून एकदा खाते, बाबा. बोलत नाही, घोरत नाही. तुमच्यापेक्षा सोपी आहे सांभाळायला."

"मी घोरत नाही."

"हा कागद भिंतीला लावते. ओल पंचावन्न ते पासष्ट. कात टाकायच्या वेळी थोडी जास्त. आत हा छोटा मापक आहे, त्याचा आकडा रोज बघायचा. बघाल ना?"

"तीस वर्षं टपाल वाटलं मी. एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही."

आणि तो खरंच रोज बघायचा. ऑक्टोबर असा गेला. पण दोब्रिवोये आमच्या गावचा माणूस होता. समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांतून जो वारा वाहतो त्याला इथे प्रोमाया म्हणतात. मान आखडली, प्रोमाया. दात ठणकला, प्रोमाया. लोक ऐन उन्हाळ्यात घामाने निथळतील, पण दुसरी खिडकी उघडणार नाहीत. नोव्हेंबरात थंडी पडली तशी दोब्रिवोयेच्या लक्षात आलं की किफ्लाच्या काचपेटीला उजवीकडे जाळी आहे, तशीच डावीकडेही आहे.

"देवा रे. हे पोर इतके दिवस झोतात बसलंय."

त्याने दोन्ही जाळ्या चिकटपट्टीने बंद केल्या. चार दिवसांत काचेवरून पाणी ओघळू लागलं. खालचा भुसा आंबला. नेवेनाने फोनवर पेटी पाहिली.

"बाबा, ती पट्टी काय आहे?"

"प्रोमायासाठी."

"काढा ती. आत्ता. भुसा बदला आणि पेटी जरा वाळू द्या."

त्याने पट्टी काढली, भुसा बदलला. आणि लवकर वाळावी म्हणून पेटी उचलून लाकडं जाळायच्या लोखंडी शेगडीजवळ नेली. मापकाचा आकडा उतरू लागला. नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ. साठवर थांबला. दोब्रिवोयेने कागद वाचला, आकडा वाचला आणि समाधानाने कॉफी केली. मापकाच्या पोटात पाणी शिरून तो साठवरच अडकला होता, हे त्याला कसं कळणार? शेगडी धडधडत होती, पेटी हलवायचं कारण उरलं नव्हतं, आणि साठ म्हणजे साठ.

तीन आठवड्यांनी किफ्लाचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायची खूण होती ती. पण कात निघेना. कांद्याच्या वाळक्या सालीसारखे तिचे तुकडे अंगावर चिकटून राहिले, आणि दोन्ही डोळ्यांवर जुना पापुद्रा तसाच. किफ्ला दगडावर डोकं घासत बसायची.

दोब्रिवोयेने नोवी साद शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरला फोन केला.

"डोळ्यांवरची साल ओढू नका, इजा होईल," डॉक्टर म्हणाला. "ओल किती आहे?"

"साठ."

"मग तर निघायला हवी होती. आठवडाभर बघा. नाही निघाली तर घेऊन या, पण उशीर करू नका. असेच थर साचत गेले तर डोळा जायचा."

एकोणीस डिसेंबरला स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण होता आणि नेवेना त्यासाठी येणार होती. नऊ दिवस उरले होते. रोज संध्याकाळी ती फोनवर विचारायची, "किफ्ला कशी आहे?" आणि जन्मात चुकीच्या दारात पत्र न टाकलेला माणूस म्हणायचा, "मस्त. झोपलीय."

फोन ठेवला की तो पेटीसमोर खुर्ची ओढून बसायचा. ते मला फटीतून दिसायचं.

पंच्याण्णव

दुसऱ्या दिवशी दुपारी रुझित्सा आली. आता ती सत्तरीची होती आणि तिचं कुलेन तालुक्यात नावाजलेलं होतं. ती काचेजवळ वाकली.

"अरे, सेलिमिरचाच मुलगा ना तू?"

"का, काकू?"

"त्याने हे बघितलं असतं तर तुलाच माळ्यावर उलटं टांगलं असतं. कवच धरलंय हिने. कोशाव्यात कुलेन धरतं तसं."

"ओल साठ आहे. बघा ना तुम्हीच."

"त्या डबीला काय बघू? या खोलीत पाऊल टाकल्यापासून माझे ओठ तडकतायत." ती सरळ उभी राहिली. "तुझ्या बापाचं नाक कुठे आहे?"

ड्रॉवर उघडला. मित्रांनो, अकरा हिवाळ्यांनंतर माझ्यावर उजेड पडला आणि रुझित्सा मला बघून हसली.

"चाळीस," दोब्रिवोये म्हणाला. "ते साठ सांगतंय, हा चाळीस. खरं कुणाचं?"

"दोघंही थापाडे. पण याचं औषध आहे."

तिने एक टॉवेल कोमट पाण्यात बुडवून पिळला आणि मला त्यात गुंडाळलं.

अंधार. ओल.

केस सैल झाले. एकेक. त्या अनोळखी बाईला धुकं आठवलं असावं.

तासाभराने टॉवेल निघाला. "ओल्या फडक्यातून काढल्याबरोबर याने पंच्याण्णव सांगायला हवं," रुझित्सा म्हणाली. काटा एकोणनव्वदवर होता. दोब्रिवोयेने पाठीमागचा लहान स्क्रू पिळून तो पंच्याण्णववर आणला.

अठ्ठावीस

त्यांनी मला पेटीत, तारेच्या लहान पिंजऱ्याआड टांगलं. मी अर्धा तास घेतला आणि खरं ते सांगितलं.

दोब्रिवोयेने आकडा दोनदा वाचला. "अठ्ठावीस. महिनाभर मी हिला भाजत होतो."

"वाळवत होतास," रुझित्सा म्हणाली. "भाजलं असतं तर केव्हाच संपली असती. उचल पेटी. ती बाजू धर."

पेटी शेगडीपासून दूर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. पाण्याचं भांडं मोठं आलं आणि पेटीच्या तळाशी गरम चटई असलेल्या बाजूला बसलं. भुसा एका कोपऱ्यात ओलसर केला, सगळीकडे नाही. आइसक्रीमच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून त्यात भिजवून पिळलेलं शेवाळ भरलं आणि तो आत ठेवला. दोब्रिवोयेचा हात चिकटपट्टीकडे गेला.

"खबरदार," रुझित्सा म्हणाली. "झरोका बंद केलास तर पुन्हा सडेल."

"पण प्रोमाया..."

"तुला थंडी वाजत असेल तर तू मफलर घाल."

अठ्ठावन्न

दुसऱ्या सकाळी मी अठ्ठावन्नवर होतो आणि किफ्ला डब्यात शिरलेली होती. तिसऱ्या दिवशीही ती डब्यातच होती. दोब्रिवोये तासातासाला येऊन आधी मला बघायचा, मग डब्याच्या भोकाकडे. एकदा तर माझ्याकडे बघण्याआधी त्याने टोपी काढली. त्याला ते कळलंही नसावं.

चौथ्या दिवशी दुपारी ती बाहेर आली. नवीकोरी, भिजल्या चेस्टनटसारखी चमकत. शेवाळात कातीचे मऊ पडलेले तुकडे होते. दोब्रिवोयेने ते बशीत घेऊन खिडकीच्या उजेडात धरले. डोक्याच्या तुकड्यावर दोन गोल पारदर्शक टिकल्या होत्या. दोन्ही डोळ्यांच्या.

तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. शेगडी विझत आली, तरी त्याने लाकूड घातलं नाही.

स्लावाच्या दिवशी नेवेना आली. कोट काढायच्या आत ती पेटीपाशी गेली.

"कशी आहे?"

"मस्त," दोब्रिवोये म्हणाला. मग ड्रॉवर उघडून त्याने ती कात टेबलावर ठेवली. "आज मस्त आहे. नऊ दिवसांपूर्वी नव्हती. मी तुला रोज खोटं सांगत होतो."

त्याने सगळं सांगितलं. शेगडीचंही. नेवेनाने बॅटरी घेऊन किफ्लाचे डोळे तपासले, आधी डावा, मग उजवा. वेळ लावला.

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मला सांगायचं, बाबा. मी रागावेन, पण सांगायचं." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "घरात मफलर का घातलाय?"

"पेटीला भोकं आहेत ना," दोब्रिवोये म्हणाला. "दोन्ही बाजूंनी."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पेटीत राहत असेल, तर त्याला कोरडं वाटलं म्हणून उठून नदीवर जाता येत नाही. त्याचं धुकं, त्याचा पाऊस, त्याचा वारा, सगळं तुमच्या हातात असतं. तेव्हा आकडा रोज वाचा, आणि आकडा वाचून झाला की त्या प्राण्याकडेही बघा. दोघांचं पटत नसेल तर प्राण्याचं खरं धरा.

आणि आकडा सांगणाऱ्याला महिन्यातून एकदा ओल्या फडक्यात गुंडाळा. एक तास पुरतो.

आज माझा काटा साठवर आहे. हा साठ माझा आहे.