मेल्चोराची आय्नी

"माझ्या पोरीला चिखलात घालायला शाळंत धाडलीया व्हय मी?" शाळेच्या दारात उभी राहून मेल्चोरा कडाडली. "चिखल तर माझ्या घरीबी हाय, बाई. त्यापायी वही-पेन कशाला घ्यावं मानसानं?"

ग्लादिस बाई शहरातून नव्यानंच आमच्या डोंगरातल्या कोल्पापंपा गावी शिकवायला आल्या होत्या. शनिवारी सगळ्या मुलांनी जुने कपडे घालून यायचं आणि दिवसभर चिखलात खेळायचं, असं त्यांनी वर्गात सांगून टाकलं होतं. मेल्चोराच्या लेकीनं, एदितनं, घरी येऊन ते आईला सांगितलं आणि आईचं डोकं फिरलं.

"अहो ताई, मुलं मातीत लोळली पाहिजेत," बाई समजुतीनं म्हणाल्या. "काम नाही, अभ्यास नाही. नुसतं खेळायचं."

"नुस्तं? आमच्या गावात चिखलात नुस्तं कोन जात न्हाई."

मेल्चोराचा बाप विटा पाडायचा. चालता येऊ लागलं तशी ही चिखल तुडवायला लागली होती. भल्या सकाळच्या गार चिखलानं टाचा अशा फाटायच्या, की आजही तिला चपलेत पाय घालताना आई आठवते. एदित पोटात होती तेव्हाच तिनं ठरवलं, लेकीच्या पायाला चिखल लागू द्यायचा नाही. म्हणून एदितचे पांढरे मोजे रोज धुवायचे, चुलीवर वाळवायचे. गाव हसायचं. हसेना का.

पण यंदाच्या पावसात स्वयंपाकघराची मागची भिंतच बसली. तिथं घोंगडी टांगून मायलेकी चुलीपाशी झोपत होत्या, आणि एदित खोकत होती. आमच्याकडं हिवाळा जूनला लागतो; ते हिंव पडायच्या आत भिंत उभी राहायला हवी. नवरा लांब खाणीवर. मेल्चोरानं विटांसाठी परसातली लाल माती खणली, भिजवली आणि दारोदार आय्नी मागत फिरली. आय्नी म्हणजे आज तुम्ही माझ्याकडं राबा, उद्या मी तुमच्याकडं. आमच्याकडं घरं अशीच उभी राहतात.

पण कुणी हूं म्हणेना. शेजारच्या फोर्तुनाता म्हातारीनं तर तोंडावरच सुनावलं.

"माझा गोठा बांधायच्या वक्ताला तू काय केलंस गं? पाय न्हाई पाठवलेस, बटाट्याची टोपली पाठवलीस. आता त्या बटाट्यास्नीच बोलाव की तुडवायला!"

मेल्चोराला ते फार लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

आणि शुक्रवारी ग्लादिस बाईच तिच्या दारात. ओढ्याकाठच्या चिखलात गुरं बसतात, मुलांना स्वच्छ चिखल हवा, आणि फोर्तुनाता आजींनी तुमचं परस दाखवलं, असं बाई म्हणाल्या. मेल्चोरा 'न्हाई' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आत एदित खोकली.

"या की," मेल्चोरा म्हणाली. "लेकरांचा खेळ त्यो. आमचं काय जातंय?"

शनिवारी सगळी पोरं परसात उतरली. काय तो गोंधळ!

"आणि काम कसलंही नको हं, ताई," बाईंनी बजावलं.

"छ्या छ्या! काम कशाचं?" म्हणत मेल्चोरानं डोंगरी गवताचा एक भारा चिखलात फेकला.

"हे काय?"

"घसरत्याल वो पोरं. गवत असलं म्हंजे पाय ठरतो." मग तिनं पाणी ओतलं, ते पोरांना उकडतंय म्हणून. पुन्हा गवत. "गोल फिरा रं, गोल! लई मजा येती!"

बाई फोटो काढत होत्या आणि फोर्तुनाता कुंपणापलीकडं तोंडाला शालीचं टोक लावून हसत होती.

एदित मात्र पांढरे मोजे घालून दगडावर बसलेली. बराच वेळ तिनं नुसतं बघितलं. मग मोजे काढले, गुंडाळी करून बुटात घातले आणि आईकडं न बघता चिखलात उडी मारली. इतकी वर्षं जपलेले ते पाय! पण मेल्चोरा ओरडली नाही. खरं सांगायचं, तर त्या कोपऱ्यातला चिखल अजून कच्चा होता, तुडवायचा राहिला होता.

मेल्चोरानं एकटीनं विटा पाडल्या, त्या वाळल्या. हिंव पडायच्या आत भिंत उभी राहिली आणि एदितचा खोकला थांबला. मग मेल्चोराच्या जिभेला धार आली. "आय्नी न्हाई, न काई न्हाई! कुनाची मिंधी न्हाई मी," असं ती पाणवठ्यावर सांगत सुटली.

त्यानंतरच्या एका शनिवारी दारात पोरांची ही झुंबड. पुढं फोर्तुनाताची नात सायदा.

"मावशी, आय्नी दे."

"कसली गं आय्नी?"

"आमी तुज्या चिखलात दिसभर नाचलो. आता तू आमच्या चिखलात ये."

"मका भाजून देते. बसा."

"मका न्हाई, बटाटं न्हाई," मागून आवाज आला. तो एदितचा होता. "दिसाला दिस, आई."

पोरांमागं बाई उभ्या होत्या, मेल्चोरानं त्यांच्याकडं धाव घेतली. "बाई, सांगा की यांना!"

"ताई," ग्लादिस बाई शांतपणे म्हणाल्या, "जुने कपडे घाला."

"जा, जा!" फोर्तुनाता कुंपणावरून ओरडली. "आय्नी बुडवलीस तर फुडची भिंत कोन बांधंल?"

ओढ्याच्या वरच्या अंगाला, गुरं जात नाहीत तिथं, पोरांनी चिखल केला होता. अख्खं गाव बघायला आलं. मेल्चोरा घागरा खोचून गुडघाभर चिखलात उतरली आणि मुकाट्यानं फिरायला लागली. एक पाय, दुसरा पाय.

"आई, अशी गोल गोल काय फिरतियास?"

"मग काय करू?"

"खेळ की!"

मेल्चोरा थांबली. सगळं बालपण चिखलात गेलं होतं तिचं, पण हे तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. कसं खेळायचं, तिला खरंच कळेना. एदितनं तिला ढकललं. ती फतकल मारून बसली आणि आधी लाजली, मग हसत सुटली, हसता हसता डोळे भरले.

मग तिनं हातात मूठभर चिखल घेतला, बोटांनी चोळून बघितला.

"माती लई झ्याक हाय गं हितली. जरा गवत टाकलं, तर..."

"आई!" एदित ओरडली आणि चिखलाचा गोळा थेट आईच्या तोंडावर बसला.