पिवळं टेबल, दोन खुर्च्या

मुलगा अपघातात गेला, सून नातीला घेऊन माहेरी राहायला गेली, आणि तेव्हापासून आबांनी हत्यार हातात धरलं नव्हतं. जन्मभर गॅरेजात इंजिनं उघडणारा माणूस, नुसता खिडकीशी बसून असायचा. मग सुनेचा फोन आला, "सुट्टीत चिमणीला घेऊन येते." त्याच दुपारी आबा भंगारवाल्याकडे गेले.

बंद पडलेल्या बालवाडीच्या दोन गंजक्या खुर्च्या मिळाल्या. कुणाच्या तरी कपाटाचं दार मिळालं.

"घरात आपण दोन जुन्या वस्तू कमी आहोत का?" आजी म्हणाली. पण गंज घासायला तीच बसली. दार कापून टेबल केलं, भेगा लांबी भरून बुजवल्या, वर पिवळा ऑइलपेंट चढला. खुर्च्यांच्या पाठींवर आबांनी चिमण्या काढल्या. त्या कोंबड्यांसारख्या दिसायला लागल्या.

"अंडी तरी देतील," आजी म्हणाली. कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

चिमणी आली ती उंबऱ्यातच थबकली. "तुम्ही बरे आहात ना, आजोबा?"

पूर्वी ती 'ए आबा' म्हणत खांद्यावर चढायची. खुर्चीत बसली, तर गुडघे टेबलाखाली जाईनात. आबांनी माप आठवणीतून घेतलं होतं. "छान आहे," ती शहाण्यासारखं म्हणाली आणि सोफ्यावर जाऊन बसली.

स्वयंपाकघरात सून आजीला सांगत होती. "आई, मी लग्न करतेय. माणूस चांगला आहे. त्यांची नोकरी लांब आहे, आम्ही तिकडेच जाऊ."

"कर गं बाई. अख्खं आयुष्य पडलंय तुझं."

सून ओट्यावरून बोट फिरवत राहिली. "अजून एक आहे. चिमणी त्यांना बाबा म्हणायला लागलीय. तुमचा फोन आला की मग खूप रडते, खरा बाबा कुठे म्हणून विचारते. काही वर्षं तरी फोन करू नका."

दारात उभ्या आबांनी ते ऐकलं. भांडावं असं त्यात काही नव्हतंच. सूनही रडत होती.

"टेबल नेशील?" त्यांनी विचारलं.

"सामान आधीच फार झालंय, आबा."

त्या गेल्यावर आबांनी लाकडाचे ठोकळे शोधून काढले आणि टेबल उलटं करून पायांना लावायला घेतले.

"आता कुणासाठी?" आजीने विचारलं.

"थोडं उंच केलं की गुडघे मावतील."

"अहो, ती पुढच्या वर्षी अजून वाढेल."

आबांनी ड्रिल खाली ठेवलं. मग त्यांनी प्लग काढला. टेबल सरळ करायचं राहिलं ते राहिलंच.

रंगाचा वास बरेच दिवस खोलीत होता. आजी खिडकी उघडायची, आबा उठून ती लावून घ्यायचे.