समोर चाला, बाई

१९६१ सालच्या भादव्यात अमरावतीच्या एका अध्यापन वर्गाच्या बावीस जणी आपल्या मोठ्या बाईंबरोबर एस.टी.ने चिखलदऱ्याला आल्या. तिथून गाविलगडापर्यंत पायी जाऊन संध्याकाळच्या आत परतायचं होतं. गाडीतून उतरताच मोठ्या बाई म्हणाल्या, "मनकर्णाबाई, तुम्ही डब्यांपाशी बसा. तुमचा गुडघा साथ देणार नाही."

मनकर्णा निमूट बसायला लागली. ती अडतीस वर्षांची, बाकीच्या पोरी अठरा-वीसच्या. नवरा वारल्यावर तिचा भाऊ देवमन तिला म्हणाला होता, "आता शिक." दोघं नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्याच वर्षी तिनं पुस्तक हाती धरलं. पाच वर्षांत सातवी काढली आणि आता मास्तरीण व्हायला निघाली होती. पण कोणी 'मागं सर' म्हटलं की पाय आपोआप मागं सरायचे. ती सवय काही सुटली नव्हती.

वाट दाखवायला जैनुद्दीनचाचा आले होते. अचलपूरचे, सारी उमर जंगलखात्यात गेलेली. ते म्हणाले, "डबे इथल्या बागेचा माळी राखते की. ह्या बाई येतीन, अन् माह्या पाठीशी सगळ्याइच्या समोर चालतीन."

"काहून?" मैना नावाची पोर फणकारली. "आमी काय मुंगीच्या चालीनं जावं?"

"हो बेटी. हळू चालणारं माणूस समोर असलं की रांग तुटत नाई."

मनकर्णा समोर झाली. पहिल्या चढावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागं बावीस माणसं आपल्यापायी अडून राहिलीत, ह्या विचारानंच दम लागायचा. चाचा दर वळणावर थांबत, एखादं झाड दाखवत. ते आपल्यासाठीच थांबतात, हे तिला तिसऱ्या वळणावर उमगलं. मग तिचा श्वास जरा खाली बसला.

गड पाहून परतताना धुकं आलं. असं दाट, की स्वतःचे पाय दिसेनात. डाव्या हाताला खोल दरी. चाचांनी सगळ्यांना जागीच थांबवून मोजलं. एकवीसच भरल्या. मैना नव्हती! रानफुलं दिसली म्हणून मागंच रेंगाळली होती.

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. पोरी एकदम ओरडायला लागल्या.

"चूप!" चाचा म्हणाले. "इतके आवाज आले तर ती कोन्या आवाजाकडं येईन? एकच आवाज पायजे. कोनाचा मोठा हाये?"

मनकर्णा लहानपणी जवारीच्या वावरात मचाणावर बसून पाखरं हाकलायची. तिची हाक दोन वावरं ओलांडून जायची. सासरी आल्यापासून तो आवाज तिनं कधी काढला नव्हता. तिनं पदर खोचला.

"हो ऽऽऽ हो! मैने ऽऽऽ! पाय घासत ये वं ऽऽऽ!"

"तोडू नका बाई, चालू ठेवा," चाचा म्हणाले.

तिनं तोडलं नाही. घसा सोलून निघाला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तीच हाक. बऱ्याच वेळानं धुक्यातून बारीक 'ओ' आली. चाचा त्या दिशेनं काठीनं वाट चाचपत गेले आणि मैनेला हाताला धरून घेऊन आले. लुगडं फाटलेलं, कोपर रक्ताळलेलं. ती धावत येऊन मनकर्णेच्या गळ्यातच पडली.

"बाई, एका जागी पायाखाली दगडच नवता," ती हुंदके देत म्हणाली. "तुमचा आवाज उजवीकून आला, म्हून वळली."

मनकर्णा नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

धुकं जरा फाटलं. खाली वऱ्हाड पसरलेलं दिसलं, हिरवंगार, पार क्षितिजापर्यंत. आपला मुलूख इतका मोठा असेल, असं तिला वाटलं नव्हतं. फाटक्या आवाजात ती म्हणाली, "चाचा, तुमी मले डब्यापाशी बसू देल्लं नाई. तुमचे लय उपकार झाले."

"उपकार कायचे? तुमी नसत्या तं मी आज कोन्या तोंडानं खाली गेलो असतो?" चाचांनी डोळे पुसले. "चाला बाई, समोर."

मैना तिच्या मागोमाग लागली आणि खालपर्यंत तिनं मनकर्णेचा पदर सोडला नाही.