तीस हजार गिरक्या आणि गुंडीचे नख

मी एक जुना ग्राइंडर आहे. मित्रांनो, आपली हकिगत सांगणाऱ्याने एका जागी शांत बसून ती सांगावी, असे म्हणतात. तेवढे मात्र माझ्याकडून होणार नाही. बटण दाबले की मिनिटाला तीस हजार गिरक्या आणि पुन्हा दाबले की बंद, अशी माझी घडण आहे. हळू फिरणे मला कुणी शिकवलेच नाही. आता बंद पडून असतानाही माझ्या अंगात सारखी चुळबुळ चाललेली असते.

दिसायला मी मक्याच्या कणसाएवढा. एका टोकाला वायर, दुसऱ्या टोकाला बारीक तोंड. त्या तोंडात टोकदार सुई बसवली की मी धातूवर अक्षरे कोरतो आणि छोटा दगड बसवला की खरखरीत काठ घासून गुळगुळीत करतो. कारखान्यात मला पहिल्यांदा फिरवून पाहिले तेव्हा तिथला माणूस म्हणाला होता, "लई तापट दिसतोय हा." तो माझा पहिला आणि सर्वांत खरा परिचय होता.

तिथून मी आलो बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावला, चन्नप्पांच्या भांड्यांच्या दुकानात. आमच्याकडे भांडे विकत घेतले की गिऱ्हाईक लगेच निघत नाही. "नाव टाकून द्या," असे म्हणून ते बाकावर बसते. लग्नाचा हंडा असो, बारशाची वाटी असो की विहारातली खिरीची मोठी पातेली असोत, नावाशिवाय भांडे दुकानाबाहेर पडत नसे. कार्याच्या वेळी भांडी गावभर फिरतात आणि नाव असले म्हणजे आपापल्या घरी परत येतात. तर मित्रांनो, ती नावे मी टाकली आहेत. केज तालुक्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत आजही माझे अक्षर नांदते आहे. हो, थोडी फुशारकी मारतो आहे, मारू द्या.

अर्थात हात चन्नप्पांचा होता. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते भेटेल त्याला ऐकवायचे. "टोक टेकलं की अक्षर संपेस्तोर हात उचलायचा न्हाई. हात उचलला की अक्षर तुटलं." तीस वर्षे ते असेच कोरत आले. श्वास रोखायचा, मला भांड्यावर टेकवायचे आणि एका दमात अक्षर पुरे करायचे. लोक वाहवा करत. ती मला उद्देशून आहे की त्यांना, हे मी कधी विचारले नाही.

गुंडी आली ती याच काळात. गुंडी म्हणजे आमच्या दुकानातली कुत्री. एका सकाळी दारात आडव्या पडलेल्या पितळी गुंडीत, म्हणजे पाणी भरायच्या भांड्यात, एक पांढरे पिल्लू झोपलेले सापडले. चन्नप्पांच्या पत्नी नीलाबाई म्हणाल्या, "राहू द्या, गिऱ्हाईकच हाय ती." नाव तिथेच पडले. मी कर्कश किंचाळत असताना ही बया माझ्या शेजारी पाय पसरून घोरत असे. माझ्या आवाजाला न घाबरणारी ती एकटीच होती, म्हणून ती मला फार आवडायची.

मग चन्नप्पांच्या मुलाने, श्रीशैलने, लेझरचे यंत्र आणले. ते न बोलता, न तापता, वेलबुट्टीसकट नाव टाकते. मला गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवले. कप्प्यात जुनी कुलपे आणि दोऱ्याची रिळे होती. त्या मंडळींना बसून राहायची सवय होती, मला नव्हती. लेझरचा टीं टीं आवाज आला की मी आतल्या आत जळत असे. कुणी तरी उघडा, काहीही काम द्या, एवढेच माझ्या मनात चालायचे. मित्रांनो, "काहीही" हा शब्द फार वाईट आहे, हे मला नंतर कळले.

गुंडी म्हातारी झाली होती. तरुणपणी ती दुकानापासून बसथांब्यापर्यंत दगडी रस्त्याने दिवसातून दहा खेपा घालायची, त्यात तिची नखे आपोआप झिजायची. आता कंबर धरल्यामुळे ती दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर पडून राहू लागली आणि नखे वाढत गेली. पुढच्या डाव्या पायाचे अंगठ्याचे नख तर वळून पायाच्या मांसाकडे निघाले. गुंडी लंगडू लागली.

चन्नप्पांची नात शिवानी अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. तिने आधी नखे कापायची कात्री आणली. पण कुत्र्याच्या नखाच्या आत काही अंतरापर्यंत जिवंत भाग असतो, त्यात रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखातून ती दिसते, काळ्या नखातून मुळीच दिसत नाही. गुंडी पांढरी असली तरी नखे कोळशासारखी काळी. पहिल्याच कापाला रक्त आले. नीलाबाईंनी हळद दाबून धरली आणि कात्री कपाटात गेली.

"घासावं लागंल. कापायचं काम न्हाई," चन्नप्पा म्हणाले. आणि त्यांनी कप्पा उघडला.

काय सांगू मित्रांनो! चार वर्षांनी उजेड दिसला. चन्नप्पांनी मला पुसले, तोंडात दगड बसवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "नवं कशाला पायजे? ह्याचा आवाज तिला पिल्लू असल्यापासून म्हाईत हाय. घाबरायचीच न्हाई." शिवानी म्हणाली, "आज्जा, आधी डॉक्टरला इचारू." पण त्यांनी तोवर बटण दाबलेही होते.

गुंडी खरेच घाबरली नाही. माझा आवाज ऐकून तिने उलट शेपूट हलवली. नीलाबाईंनी तिचा पाय धरला. चन्नप्पांनी श्वास रोखला, मला नखावर टेकवले आणि तीस वर्षांच्या सवयीने हात उचललाच नाही.

स्टील तापले तरी तक्रार करत नाही. नख तापते तेव्हा त्याच्या आत कुणीतरी असते. क्षणात जळक्या शिंगासारखा वास सुटला आणि गुंडी ओरडली. तसे ओरडताना मी तिला कधीच ऐकले नव्हते. तिने चन्नप्पांचे मनगट तोंडात धरले, पण दात रोवले नाहीत. तसेच सोडून दिले आणि सरपटत भांड्यांच्या मांडणीखाली जाऊन बसली. मी अजून फिरतच होतो. मला थांबवायचे भानही कुणाला राहिले नाही.

त्या दिवसापासून ती चन्नप्पांच्या जवळ येईना. त्यांच्या हातची भाकरी खाईना. घरात मिक्सर लागला तरी थरथर कापे. बारा वर्षे जी त्यांच्या पायाशी झोपली, ती त्यांच्या पावलांचा आवाज आला की पाय आखडून घेई. चन्नप्पा वरवर चिडचिड करत, "एवढं काय झालं बे त्या कुत्रीला," असे श्रीशैलला म्हणत. पण त्यांचेही जेवण कमी झाले होते.

जनावरांच्या डॉक्टर सुकन्याताई दुकानात येऊन गुंडीला लांबूनच पाहून गेल्या. त्या म्हणाल्या, "नख मांसाला टेकलंय. आठवडाभरात कमी केलं न्हाई तर आत घुसंल. भूल देऊन काढता येतं, पण हिचं वय बघता भूल मी अगदी शेवटी देईन. काका, तिनं आपणहून पाय द्यायला पायजे." मग त्यांनी शिवानीला समजावून सांगितले, की कुत्र्याच्या नखांसाठी वेगळा, हळू फिरणारा आणि कमी आवाजाचा ग्राइंडर घ्यायचा. नखावर दोन अंक मोजेपर्यंत टेकवायचा आणि उचलायचा. नखाच्या मधोमध बारीक ठिपका दिसू लागला की जिवंत भाग जवळ आला, तिथे थांबायचे.

"उचलायचा?" चन्नप्पांनी विचारले.

"दर वेळी, काका. न्हाई तर भाजतं."



दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात अंबाजोगाईला गेले. चन्नप्पांनी मला पिशवीत घेतले होते. "दाखवतो त्याला, ह्याच्यापेक्षा चांगलं काय हाय ते," असे ते एसटीत म्हणाले. म्हणजे अजून ते माझ्याच बाजूचे होते. मी पिशवीत थयथयाट करत होतो.

पाळीव प्राण्यांच्या वस्तूंचे दुकान सोमेश्वर नावाच्या माणसाचे होते. त्याने काचेवर दोन ग्राइंडर ठेवले. पहिला दिमाखदार होता, पुढे दिवा, मोठी ताकद. दुसरा चिमुकला, वायरच नाही, चार्ज करायचा. त्याच्या तोंडावर बारीक भोकाची टोपी होती, नखाचे फक्त टोक आत जाईल एवढी. मी त्याला पाहिले आणि मनात म्हटले, हे काय घासणार!

"कोणतं लागंल ते कसं समजायचं?" गुंडीची सगळी हकिगत सांगून शिवानीने विचारले.

"मोठ्या जातीच्या कुत्र्याला ताकदीचं लागतं. तुमची कुत्री म्हातारी, त्यात भ्यालेली, तिला बारकंच बरं. पण काका, तुमच्या पिशवीत काय हाय?"

चन्नप्पांनी मला बाहेर काढले. सोमेश्वर हसला नाही, हे त्याचे चांगुलपण. तो एवढेच म्हणाला, "लावून बघा की. तुमच्याच नखाला."

चन्नप्पांना आव्हान आवडते. त्यांनी माझी वायर जोडून घेतली, डाव्या हाताचा अंगठा पुढे केला, श्वास रोखला आणि मला नखावर टेकवले. एक. दोन. तीन. मी पूर्ण वेगाने फिरत होतो, कारण मला दुसरे काही येतच नाही. चौथ्या अंकाला त्यांचा चेहरा बदलला. "आई गं!" म्हणून त्यांनी हात झटकला, मी काचेवर आपटलो.

चन्नप्पा अंगठा तोंडात धरून उभे होते, लहान मुलासारखे. डोळ्यांत पाणी आले होते आणि ते भाजल्याचे नव्हते.

"शिवानी," ते हळूच म्हणाले, "ती चावली काहून न्हाई गं मला?"

मग चन्नप्पांनी तो चिमुकला उचलला, दुसऱ्या अंगठ्याला लावला. टेकवला, उचलला. टेकवला, उचलला. तो बिचारा गुणगुणल्यासारखा आवाज करत होता. नख गार राहिले. "हाच द्या," चन्नप्पा म्हणाले.

घरी आल्यावर मला कप्प्यात टाकायचे कुणाच्या लक्षात आले नाही, म्हणून मी मांडणीवर राहिलो आणि पुढचे सगळे पाहिले. पहिल्या दिवशी चन्नप्पा नवा ग्राइंडर बंदच ठेवून गुंडीपासून दहा हातांवर जमिनीवर बसले. शेजारी दुधात कुस्करलेली भाकरी. गुंडी हलली नाही. दुसऱ्या दिवशी ते तिला बोलावत राहिले, तेव्हा नीलाबाई रागावल्या. "अहो, तिला समजावून सांगू नगा. चूक तुमची हाय. गप बसा नुसतं."

मग ते गप बसले. गिऱ्हाईक आले तरी उठेनात. तिसऱ्या दिवशी भाकरी संपली, पण ते लघवीला गेले होते तेवढ्या वेळात. चौथ्या दिवशी ते बसलेले असताना संपली. पाचव्या दिवशी त्यांनी ग्राइंडर सुरू केला आणि तो गुणगुणताच गुंडी पुन्हा मांडणीखाली गेली. आठवड्यातले दोनच दिवस उरले होते. नखाभोवतीचे मांस लाल झाले होते. सुकन्याताईंना फोन करून भूल द्यायचा दिवस ठरवावा, असे श्रीशैल म्हणू लागला. माझ्या अंगात नुसत्या मुंग्या आल्या होत्या. मी असतो तर एका फेरीत काम उरकले असते, हा विचार मला अजूनही येत होता. पाहा, सवय किती वाईट असते.

सहाव्या दिवशी चन्नप्पांनी ग्राइंडर सुरू करून तो आधी स्वतःच्या अंगठ्याला लावला. टेकवला, उचलला. पुन्हा टेकवला, उचलला. असे बराच वेळ. गुंडी मांडणीखालून पाहत होती. थोड्या वेळाने ती सरकत पुढे आली, त्यांच्या काळवंडलेल्या अंगठ्याचा वास घेतला आणि तिथेच टेकली. त्या दिवशी कुणी तिच्या पायाला हात लावला नाही.

सातव्या दिवशी सकाळी तिने डावा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मोज गं, शिवानी," चन्नप्पा म्हणाले. टेकवणे सोपे होते, मित्रांनो. उचलणे जड जात होते. शिवानी मोजत होती, "एक, दोन, उचला. एक, दोन, उचला." तीस वर्षे जो हात अक्षर पुरे केल्याशिवाय हलला नाही, तो दर दोन अंकांना वर जात होता. ठिपका दिसला तसे ते थांबले. नख मांसापासून सुटले होते. गुंडीने जांभई दिली.

यानंतर महिनाभराने शेजारच्या केशरबाई आल्या. त्यांच्या कुत्र्याचीही नखे वाढली होती. त्यांनी मला मांडणीवर पाहिले. "हे मशीन पडूनच हाय की. न्यू का चार दिवस?"

मित्रांनो, खोटे बोलत नाही. माझे सगळे अंग उसळले. न्या मला, फिरवा मला, असे ओरडावेसे वाटले. चन्नप्पांनी मला उचलले, केशरबाईंच्या हातात देतात की काय असे वाटले, आणि मग त्यांनी आपला अंगठा पुढे केला. नखावरचा काळा डाग अजून गेला नव्हता.

"हे न्हाई, केशरबाई. हे तापतंय. ते बारकं न्या, आन शिवानी शिकवंल तसंच वापरा."

त्यांनी मला कप्प्यात ठेवले. मला वाईट वाटले आणि बरेही वाटले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. मी तसे म्हणणार नाही. हाताशी आहे, ओळखीचे आहे, म्हणून कोणतेही यंत्र मुक्या प्राण्याच्या पायाला लावू नका. आधी ते स्वतःच्या नखावर लावून पाहा. आणि कुणी मला शोधत आलेच, तर मी आतून कितीही खडखडलो तरी हा कप्पा उघडू नका.