पान सत्तेचाळीस

कुरियरवाल्याने नाव विचारले तेव्हा प्रमोदिनीबाईंनी पाकिटावर बोट ठेवले. त्याने तमिळमध्ये पुन्हा विचारले, साहेबांचे नाव काय. त्यांनी पुन्हा बोट ठेवले, या वेळी जरा दाबून. मग त्यानेच चष्मा वर सरकवून "माधव राव" असे वाचले आणि सहीसाठी वही पुढे केली.

त्रेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचे नाव एकदाच घेतले होते. साताऱ्याला, लग्नात, नणंदेने दार अडवले तेव्हा, उखाण्यात. लिहिले तर कधीच नव्हते. पुढे चेन्नईजवळ आवडी गावी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत असताना रेशनवाल्यासमोर त्या कार्ड धरत, बँकेत पासबुक. आता अड्यारच्या फ्लॅटमध्ये गॅसवाल्याला ग्राहक क्रमांक सांगितला की भागत होते.

"पुण्याहून आलंय," त्या आत येऊन म्हणाल्या.

माधवराव टॉवेलने डोके पुसत लगबगीने बाहेर आले. निवृत्तीनंतर त्यांनी लिहिलेले 'लिनक्स : घरच्या घरी, पायरी-पायरीने' हे संगणकावर नवी प्रणाली बसवायला शिकवणारे पुस्तक २००५ च्या दिवाळीत पुण्यात निघाले होते. प्रत्येक प्रतीत एक छापील अभिप्रायपत्रिका होती. वाचकाचे नाव, पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव असे तीन रकाने, खाली अभिप्रायाला आठ ओळी. सव्वा वर्षात जमलेल्या एकतीस पत्रिका आता एकदम आल्या होत्या. सोबत प्रकाशकांच्या कार्यालयातल्या ऋजुताची चिठ्ठी: दुसरी आवृत्ती काढतो आहोत, काही बदल असतील तर वीस तारखेपर्यंत कळवा, नाहीतर आहे तसेच छापतो.

प्रमोदिनीबाई कॉफी गाळायला आत गेल्या. फिल्टरमधून डिकॉक्शन पडायला वेळ होता, तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. एकतिसातली एक पत्रिका त्यांची होती.

पुस्तक छापून आले तेव्हा माधवरावांनी पंचवीस प्रती वाटल्या. भावाला, भाच्यांना, ओरगडमच्या कारखान्यात असलेल्या मुलाला म्हणजे अथर्वला, अगदी मराठी न येणाऱ्या दाताच्या डॉक्टरलाही. बायकोला मात्र ते म्हणाले होते, "तुला काय करायचंय, तुला कंटाळा येईल." रागावण्यासारखे ते काही बोलले नव्हते. पण पुस्तक लिहिताना दोन वर्षे त्यांची कॉफी गार होऊ न देणाऱ्या बाईला ते शब्द मिरचीच्या बीसारखे दातात अडकून बसले.

वरच्या मजल्यावर सकवारबाई राहत. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, प्रमोदिनीबाईंहून आठ वर्षांनी मोठ्या. त्यांचा मुलगा व्यासराज परदेशी जाताना आपला जुना संगणक त्यांच्याकडे ठेवून गेला होता. त्यावर त्या कढीलिंब वाळत घालत. एका दुपारी प्रमोदिनीबाई पुस्तक पदराखाली घेऊन वर गेल्या आणि दोघींनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. सोळा दुपारी गेल्या. सतराव्या दुपारी पान सत्तेचाळीसवर पुस्तकाने सांगितले, पहिला पर्याय निवडा. त्यांनी निवडला. संगणकातले होते नव्हते ते सगळे पुसले गेले. सकवारबाईंच्या सुनेच्या बहिणीच्या लग्नाचे सातशे फोटोही गेले.

प्रमोदिनीबाई घाईने पुढची पाने उलटू लागल्या. सकवारबाई शांतपणे म्हणाल्या, "जाऊं दे गे. सातशांत मी एकाही फोटोत नव्हते."

मग प्रमोदिनीबाईंनी पत्रिका भरली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. वाचकाच्या नावाच्या जागी 'एक वाचक' लिहिले. सकवारबाई पुतण्याच्या लग्नाला तंजावरला निघाल्या होत्या, त्यांनी ती तिथे पेटीत टाकली.

बाहेर माधवराव मोठ्याने वाचू लागले होते. साताऱ्याच्या भावाने भाषा ओघवती असल्याचे कळवले होते. ठाण्याच्या एका मुख्याध्यापकांना ग्रंथ संग्राह्य वाटला होता. एकाने छपाई ठळक असल्याबद्दल आभार मानले होते, बिनचष्म्याने वाचता येते. मिरजेहून एका बाईंनी लिहिले होते, 'पुस्तक फार आवडले. संगणक अजून घेतलेला नाही.' माधवराव प्रत्येक पत्रिकेनंतर थांबून आत बघत, बायकोने ऐकले की नाही ते पाहत आणि पुढची उचलत.

एकतिसावी त्यांनी मोठ्याने वाचली नाही.

प्रमोदिनीबाई कॉफी घेऊन बाहेर आल्या. माधवरावांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली होती. त्यातला मजकूर प्रमोदिनीबाईंना पाठ होता. 'पान ४७ वर पहिला पर्याय निवडा असे आहे. तसे केले. आधीचे सर्व गेले. आधी प्रती काढून ठेवा आणि दुसरा पर्याय निवडा, असे सांगायला हवे होते. पान ५२ वर थोडा वेळ थांबा म्हटले आहे. थोडा म्हणजे किती? बाकी पुस्तक चांगले. पुन्हा पहिल्यापासून केले तेव्हा जमले.'

माधवरावांनी टवका उडालेला कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. ते उठून आपल्या टेबलाशी गेले, पुस्तक उघडले, पान शोधले. बराच वेळ त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ खांद्यापाशी जरा उतरली, असे प्रमोदिनीबाईंना वाटले, आणि त्यांनी मनाशी ठरवले की आता सांगून टाकायचे.

तेवढ्यात ते वळले. चेहरा उजळला होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी लिहिलं ते कोऱ्या मशीनवर. कोऱ्यात पुसायला होतं काय? हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग वाईट नाही वाटलं?"

"वाईट? अगं, तीस जणांनी पुस्तकाचं कौतुक केलं. या एका माणसानं ते करून पाहिलं. आणि एवढं सगळं गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून केलं." त्यांनी गार कॉफी एका दमात संपवली. "तंजावरचा शिक्का आहे. अक्षर बघ, कापतंय. ऐंशीच्या पुढचा असणार. असा माणूस भेटायला हवा."

त्या दिवशी घरात सणासारखे वातावरण होते. माधवरावांनी अथर्वला फोन करून पत्रिका वाचून दाखवली. संध्याकाळी सकवारबाई संक्रांतीचा ऊस द्यायला खाली आल्या, तर त्यांनाही धरून बसवले. तंजावरात संगणक वापरणारे कोणी वृद्ध मराठी गृहस्थ ठाऊक आहेत का?

सकवारबाईंनी ऊस मांडीवर घेतला आणि गंभीरपणे छताकडे पाहिले.

"आहेत एक," त्या म्हणाल्या. "फार हट्टी. दुपारी झोपत नाहींत, दुसऱ्यालाही झोपूं देत नाहींत."

"त्यांचं नाव?"

"नांव सांगायची सोय नाहीं, माधवराव. घरांत कळलं तर अडचण होईल त्यांची."

प्रमोदिनीबाईंना जोराचा खोकला आला आणि त्या पाणी प्यायला आत गेल्या.

माधवरावांनी मात्र मनावर घेतले. शुक्रवारच्या गाडीची चौकशी केली, भेट द्यायला पुस्तकाची एक प्रत कागदात गुंडाळून ठेवली. प्रमोदिनीबाई दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत जाऊन परत आल्या. माणूस इतका आनंदात असताना त्याच्या हातून तंजावरचा म्हातारा काढून घ्यायचा आणि तिथे बायको ठेवायची, हे त्यांना धडपणे जमेना. 'तुला काय करायचंय' म्हणणाऱ्याला हा वाचक आवडेल की नाही, याचीही खात्री नव्हती.

बुधवारी सकाळी माधवरावांनी पट्टी आणि पेन्सिल काढली. आवडीला ते तीस वर्षे नियोजन विभागात होते. एक रकाना रिकामा असलेला कागद त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नव्हता, फोरमन काय किंवा मोठे साहेब काय. एकतीस पत्रिकांचा तक्ता करून ऋजुताला पाठवायचा होता. प्रमोदिनीबाई समोरच्या खुर्चीत अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होत्या. माधवरावांची पेन्सिल एका लयीत चालली होती. वाचकाचे नाव, पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव.

मग ती थांबली.

शेंगा सोलण्याचा आवाज तेवढा राहिला. माधवराव एकतिसावी पत्रिका बघत होते. तीस पत्रिकांत कुणी श्री. लिहिले होते, कुणी मा. श्री., साताऱ्याच्या भावाने तर पदवीसकट. या पत्रिकेत तो रकाना स्वच्छ पांढरा होता. त्यांनी ती उलटून पाहिली. पुन्हा सुलटी केली. डोळे वर उचलून त्यांनी समोर पाहिले, मग छताकडे, जिथे सकवारबाईंच्या घरात खुर्ची सरकत होती.

त्यांनी पत्रिका, पेन आणि ती गुंडाळलेली प्रत बायकोसमोर, सोललेल्या दाण्यांच्या ताटाशेजारी ठेवली. मग गुंडाळलेला कागद त्यांनीच सोडवला.

"ही पत्रिका अपुरी आहे," ते म्हणाले. "अपुरा कागद आमच्याकडे घेत नाहीत. लेखकाचं नाव?"

प्रमोदिनीबाईंनी हात पदराला पुसले. पेन उचलले, डाव्या हातात घेतले, मग उजव्या, आणि परत खाली ठेवले. त्यांच्या गालांवर साताऱ्याच्या मांडवातले काहीतरी येऊन गेले. त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, नावाखाली, बोट ठेवले. जरा दाबून.

"हेच," त्या म्हणाल्या.

माधवरावांनी पेन घेतले आणि रकाना स्वतः भरला. अक्षर मुद्दाम वाकडे काढले, बाकीच्या मजकुराशी जुळावे म्हणून. शाई वाळेपर्यंत दोघेही त्या पत्रिकेकडे बघत राहिले.

मग त्यांनी खुर्ची बायकोच्या बाजूला ओढून घेतली आणि पुस्तकाचे पान बावन्न उघडले.

"इथं 'थोडा वेळ' खोडतो," ते म्हणाले. "किती लिहू?"

"पन्नास मिनिटं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तेवढ्यात सकवारबाईंचं सांबार होतं आणि वर अप्पळम पापड तळून होतात."

माधवरावांनी ते सगळे, अप्पळमासकट, समासात लिहून घेतले.