कै. स्कारविक हॉकी क्लब, मु. पो. कुंडल

नॉर्वे देशातला स्कारविक हॉकी क्लब आजवर सात वेळा दुसरा आला, हे कुंडल गावात दोन माणसांना तोंडपाठ होतं. एक, माजी सुभेदार कृष्णात, आणि दुसरा त्यांचा तालमीतला जुना जोडीदार गुंडा. गुंडाला ते पाठ करायची हौस नव्हती. पण तो रोज सकाळी सुभेदारांच्या ओसरीवर चहा प्यायला येई, आणि चहाबरोबर जे मिळेल ते घ्यावं लागतं.

"दुसरा आला म्हंजे हरलाच की," गुंडा म्हणायचा. "कुस्तीत कुणाला दुसरा नंबर दिल्याला बगितलास? एक वर, एक खाली. खालचा पाठीची माती झाडत घरी जातो."

"त्या खेळात माती नसती, गड्या. बर्फ असतो."

"मग हरल्यालं कळतं कसं?"

खरं सांगायचं तर त्या खेळातलं सुभेदारांना फारसं काहीच कळत नव्हतं. बुटपॉलिशच्या डबीएवढी काळी चकती, तिच्यामागं काठ्या घेऊन धावणारे दोन्हीकडचे सहा-सहा धटिंगण, आणि ती चकती नेमकी कुठं आहे हे शेवटपर्यंत न कळणारे सुभेदार. त्यात बर्फाशी त्यांचं जुनं वैर. कारगिलकडच्या चौकीवर बर्फानं त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली होती. तेव्हापासून लग्नात आईस्क्रीमचा कप समोर आला, तरी ते तो शेजाऱ्याकडे सरकवत.

पण पोरगा स्कारविकमध्ये होता. धैर्यशील, एकुलता एक, जहाजांच्या कंपनीत इंजिनिअर.

पत्नी बनुबाई होत्या तोवर फोनवर बोलणं हे त्यांचं खातं होतं. जेवलास का, अंगात स्वेटर हाय का, तिथं मेथी मिळती का, असं अर्धा तास चाले. शेवटी त्या "ह्यांच्याशी बोल" म्हणून फोन पुढे करत. सुभेदार "बरं हाय न्हवं?" विचारत, पोरगा "बरंय" म्हणे, आणि पुरुषांची बोलणी संपत. सहा वर्षांपूर्वी बनुबाई गेल्या. तेरावं झालं, धैर्यशील परत गेला, आणि पहिल्या रविवारी त्याचा फोन आला. "बरं हाय न्हवं?" "बरंय" होऊन गेलं. शेवटी धैर्यशील म्हणाला, "आबा, आज इथं मॅच होती. आमच्या क्लबची."

"कुणी जितलं?"

"हरलो. पाच-एक."

"वाईट झालं," सुभेदार म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटलं. बनुबाई गेल्यापासून हे वाक्य त्यांना दुसऱ्या कुणाला तरी म्हणायला मिळालं होतं.

तेव्हापासून दर रविवारी मॅच. सुभेदारांनी मोबाईलवर क्लबचं पान शोधून काढलं. फोन यायच्या आधी ते आकडे बघून ठेवत आणि बघितलेच नाहीत असं दाखवत. क्लबचा इतिहासही त्यांनी जमवला. एकोणीसशे एक्कावन्न साली कागद कारखान्यातल्या कामगारांनी स्थापना. अडुसष्ट साली अजिंक्यपद, एकदाच. मग सात वेळा दुसरा, एकदा पाचवा, एकदा नववा, मग खालच्या गटात. तिथून वर, पुन्हा खाली, मग त्याच्याही खाली. सुभेदारांना यात काही परकं वाटलं नाही. तालुक्यातली पुष्कळ चांगली घराणी याच वाटेनं गेलेली त्यांनी पाहिली होती.

दोन वर्षांमागं क्लब एका पायरीनं वर चढला, तेव्हा धैर्यशीलनं फोनवर सगळं वर्णन केलं. लोक रस्त्यावर कसे नाचले, म्हातारे कसे रडले. सुभेदारांनी दुसऱ्या दिवशी चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स लावला: 'स्कारविक हॉकी क्लबचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ, कुंडल.' समस्त ग्रामस्थांना वाटलं, साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं नवं पॅनेल असेल. विरोधी बाजूचे दोघं येऊन चौकशीही करून गेले.

पुढच्या वर्षी क्लब पुन्हा खाली आला. आणि यंदा फेब्रुवारीत संपलाच. मैदानावर बर्फ गोठवणारं यंत्र बिघडलं. नगरपालिका म्हणाली, यंत्र जुनं झालंय, आता दुरुस्ती होणार नाही. खेळाडू दुसऱ्या गावांच्या क्लबांत गेले.

"नॉर्वेत? बर्फ न्हाई म्हणून?" गुंडानं बशी खाली ठेवली. "आटपाडीत पानी न्हाई, ते समजतं. तिथं भाईर ढीगभर पडल्यालं आसंल की! पाटीनं आणून वतायचं!"

सुभेदार हसले नाहीत. त्या रविवारचा फोन एका मिनिटात आटोपला होता.

"आबा, क्लब बंद झाला."

"मग आता?"

"आता काय. बंद म्हणजे बंद."

"बरं."

"बरं. ठेवतो मग."

त्यानंतर सात रविवार कोरडे गेले. सुभेदारांना आपण होऊन फोन लावता आला असता. एकदा त्यांनी नंबर काढलाही. पण लावून बोलायचं काय? सव्वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला रिपोर्ट दिल्याशिवाय फोनवर बोलता येत नाही, आणि त्यांच्याकडे रिपोर्ट नव्हता. मेथीचं विचारावं, तर तो प्रश्न बनुबाईंचा. त्यांच्या माघारी तो आपण वापरणं त्यांना बरं वाटेना.

सातव्या रविवारनंतरच्या सोमवारी त्यांना फ्लेक्स सुचला. गावात कुणी गेलं की फ्लेक्स लागतो. अभिनंदनाचा लावला होता, मग हाही लावायला हवा. त्याचा फोटो काढून धैर्यशीलला पाठवायचा. पोरगा हसेल, नाहीतर चिडेल. कसंही झालं तरी फोन करेल. एवढाच डाव होता.

त्यांनी बसस्टँडजवळच्या शंभूराज फ्लेक्सवाल्याला मजकूर पाठवला: 'कै. स्कारविक हॉकी क्लब, १९५१ ते २०२५. भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: समस्त ग्रामस्थ.' सोबत क्लबचा एक ग्रुप फोटो जोडला. पहिल्या वर्षी धैर्यशीलनंच पाठवलेला. खेळाडूंच्या रांगेच्या टोकाला तोही उभा होता, गळ्यात क्लबचा मफलर, नाक लाल.

शंभूराज आपल्या धंद्यात तयार माणूस. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला मधोमध एक चेहरा लागतो, चेहऱ्याला हार लागतो, खाली समई लागते. वीस गोऱ्या माणसांच्या घोळक्याला हार घालायचा कसा? त्यानं फोटोत ओळखीचा चेहरा शोधला, तो कापला, मोठा केला, मधे बसवला. लाल नाक नीट केलं. क्लबचं नाव आणि सालं खाली बारीक अक्षरात घेतली. घाईचं काम म्हणून पहाटेच पोरांकडून चौकात लावूनही टाकलं.

सकाळी सात वाजता सुभेदार दात घासत होते, तेव्हा गुंडा आला. त्यानं चहा मागितला नाही. ओसरीवर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कृष्णा," तो म्हणाला, "मला तरी सांगायचं हुतंस रं."

मागोमाग गल्लीतल्या बायका आल्या. मग सोसायटीचा चेअरमन राजवर्धन, मग तालमीतली पोरं. कुणी काही बोलेना. दुखवट्याला येऊन कुणी बोलत नसतं. राजवर्धननं सुभेदारांचा हात हातात घेतला, तेव्हा कुठं त्यांना उलगडा झाला.

"आवं, जित्ता हाय त्यो!" सुभेदार ओरडले. "क्लब मेलाय! क्लब!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. धक्क्यानं माणूस असं बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"व्हय, सुभेदार," राजवर्धन हळू आवाजात म्हणाला. "शेवटचा फोन कवा आल्ता त्याचा?"

सुभेदारांनी बोटांवर रविवार मोजले. मग म्हणाले, "सात आठवडं झालं."

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि सुभेदारांनाही क्षणभर वाटून गेलं की या लोकांना आपल्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत आहे.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. म्हणून शेजारून पिठलं आणि गरम भाकरी आली. नको नको म्हणत सुभेदारांनी दीड भाकरी खाल्ली. गरम भाकरी त्यांच्या ताटात बऱ्याच दिवसांनी पडत होती.

साडेअकराला फोन वाजला. कुंडलमधून फ्लेक्सचा फोटो धैर्यशीलच्या वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर गेला होता, आणि तिथून नॉर्वेला.

"आबा! हे काय आहे? मला सकाळपासून श्रद्धांजली येतायत!"

"जित्ता हाय!" सुभेदारांनी ओसरीला सांगितलं, आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. "आरं, क्लबचा लावला हुता मी. शंभ्यानं घोळ केला. तुला वाटलं आसंल, म्हातारा..."

"क्लबचा?" धैर्यशील म्हणाला. "आबा, एक सांगू का? मी स्कारविक सोडून तीन वर्षं झाली. दुसऱ्या शहरात आहे."

"तीन वर्सं?"

"हो. मॅचचं मी मोबाईलवरच बघत होतो. फोन करायच्या आधी पाच मिनिटं. तुम्हाला आवडतं म्हणून."

सुभेदार खाटेवर बसले. दोन वर्षांमागं रस्त्यावर नाचलेले लोक आणि रडलेले म्हातारे त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून उठून गेले. म्हणजे बाप कुंडलमध्ये आणि लेक कुठल्याशा शहरात, दोघं दर रविवारी तेच पान बघत होते. आपल्यालाही तो खेळ कधी आवडला नाही, हे सांगायला ही वेळ बरी होती. त्यांनी सांगितलं नाही. मग राहिलंच काय असतं?

"कुटल्या शहरात?" त्यांनी विचारलं.

धैर्यशीलनं नाव सांगितलं. ते त्यांना नीट ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायला संकोच वाटला.

"तिथं क्लब हाय का?"

"नाही आबा. इथं नाही."

"बरं."

"फ्लेक्स काढायला सांगा तेवढा."

"सांगतो."

"अजून काय?"

सुभेदारांनी खिडकीतून पाहिलं. परसातली मेथी फुलावर येऊन गेली होती. "काय न्हाई," ते म्हणाले.

बाहेर ओसरी रिकामी झाली होती. जिवंत माणसाच्या घरी किती वेळ बसणार? पिठल्याचं पातेलंही शेजारीण घेऊन गेली होती. गुंडा तेवढा चहाची वाट बघत होता.

"काय म्हणला?"

"बरा हाय."

"एवढंच?"

सुभेदारांनी स्टोव्ह पेटवला.

फ्लेक्स दुपारी उतरवला. चांगला जाड होता, टाकायचा कशाला, म्हणून तो वैरणीच्या गंजीवर अंथरून चार बाजूंनी दगड ठेवले. धैर्यशीलचा चेहरा वर आला, हारासकट. पुढचे कितीतरी दिवस शेताकडे जाणारी एखादी म्हातारी तिथं थांबे, चप्पल काढून हात जोडे आणि पुढे जाई. सुरुवातीला सुभेदार प्रत्येकीला समजावून सांगत. मग त्यांनी ते सोडून दिलं.

पुढचा रविवारही कोरडाच गेला.