बांधाच्या भगदाडात

आमच्या आजोबांनी बांधाच्या भगदाडात पाठ टेकून समुद्र तीन दिवस आत कोंडून ठेवला, ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलोय. त्यांच्या लंगोटात खेकड्यानं बिऱ्हाड थाटलं होतं आणि शेवटी समुद्रच गयावया करू लागला, "सोडा आता, घरी जायचंय." खरं सांगायचं तर आजोबांना गुडघाभर पाण्याचीही भीती वाटायची.

परवाच्या वादळानं तो बांध फुटला. ओहोटीला समुद्र हटला तरी आत वीतभर पाणी राहावं, चिखलातल्या शिंपल्या जगाव्यात, म्हणून आमच्या जमातीनं पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून राखलेला बांध. हल्लीचं ऊन पूर्वीचं नाही. बांधाआडचे शिंपल्यांचे बाकीचे दोन वाफे गेल्या उन्हाळ्यात शिजून गेले; शिंपल्या तोंड वासून पडल्या, वास महिनाभर हटेना. आता या वाफ्यातलं बी गेलं की सगळंच संपलं. वस्तीतले धडधाकट सगळे शहरात मजुरीला. उरलो मी आणि ताई.

अकराला पाणी उतरू लागलं. ताई दगड रचत होती, पाणी फटींतून पळत होतं.

"थापाड्या, बघतोस काय? बस तिथं!"

"कुठं?"

"आजोबा बसले होते तिथं."

"अगं, ती थाप होती!"

"माझेही आजोबाच होते ते. ठाऊक आहे मला. बस."

बसलो. पाठीला पाणी, पोटाला ऊन. चूल लिंपावी तसा ताईनं माझ्या दोन्ही बगलांना चिखल लिंपला.

"नाक खाजतंय, ताई."

"खाजू दे. हललास तर बघ."

तासाभरानं मी विचारलं, "किती उरलं?"

"चार बोटं."

मग दोन. मग ती बोलेनाच.

"खोटं का होईना, काहीतरी सांग गं!"

"खोटं बोलणं तुझं काम."

भरती सुरू झाली तेव्हा तिनं मला मुळ्यासारखं उपटून काढलं. वाफ्याच्या वरच्या अंगाला शिंपल्या तोंड वासून पडल्या होत्या. माझ्या पाठीमागच्या सतरंजीएवढ्या डबक्यात मात्र चिखलातून जिवंत शिंपलीची एक बारीक पिचकारी उडाली. मग आणखी एक. ताईनं वाकून पाहिलं.

"उद्याची ओहोटी पाऊण तास उशिरा," ती म्हणाली. "तीही भर उन्हात."

"खेकडा काही आला नाही, ताई."

ती हसली नाही. विती टाकत तिनं भगदाड मोजलं. सकाळपेक्षा दोन विती जास्त रुंद निघालं.

"उद्या आपण दोघंही बसू," ती म्हणाली.